तो कागद त्याचा आहे

गेल्या काही वर्षांत एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून माझ्यापर्यंत येतोय. कधी आई विचारते, कधी बायको, कधी मुलगा. ‘आमचं माणूस तुरुंगात आहे, आजारी आहे. उद्या बेशुद्ध पडलं तर व्हेंटिलेटर लावायचा की नाही, कोण ठरवणार? आम्ही आताच लिहून ठेवू का?’ आणि मग आवाज खाली आणून, ‘पण तसं लिहून दिलं, तर आत त्याच्याकडे बघणारच नाहीत ना कुणी?’

याचं उत्तर मला एका ताईंमुळे नीट उमगलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) त्यांचा धाकटा भाऊ शिक्षा भोगत होता, यकृत निकामी होत चाललं होतं. पहिल्याच भेटीत ताईंनी प्लास्टिकच्या फोल्डरमधून टाइप केलेली तीन पानं काढली. कुठलं यंत्र चालेल, कुठलं नाही, सगळं क्रमवार. खाली सही ताईंची.

“हे त्याला दाखवलंत?”

“नाही मॅडम. त्याला कशाला त्रास? वकील मी बघितला, जामिनासाठी मी धावले. हेही मीच केलं पाहिजे.”

मी विवेकनिष्ठ विचारांच्या मुशीतली समुपदेशक; ‘हे असंच झालं पाहिजे’ या हट्टातून माणूस स्वतःला त्रास करून घेतो, असं आम्ही मानतो. ‘मीच’ आणि ‘पाहिजे’ एका वाक्यात आले की मी तिथेच थांबते. त्यांना आधी कायदा सांगितला. सर्वोच्च न्यायालयाने 9 मार्च 2018 रोजी वैद्यकीय इच्छापत्राला (अखेरच्या आजारात कुठले उपचार हवेत, कुठले नकोत, हे आधीच लिहून ठेवलेल्या कागदाला) मान्यता दिली आणि 24 जानेवारी 2023 रोजी त्याची पद्धत सोपी केली. पण ते इच्छापत्र प्रौढ, शुद्धीत असलेल्या माणसाने स्वतःच्या मर्जीने, स्वतःच करायचं असतं. बहिणीला भावाच्या वतीने ते करता येत नाही.

ताई गप्प झाल्या. पुढच्या दोन भेटी रागातच गेल्या. राग माझ्यावर नव्हता, हे मला कळत होतं. इतकी वर्षं ज्याचा भार वाहिला, त्याला विचारायचं राहूनच गेलं होतं.

मग आम्ही एकच प्रश्न तयार केला. माझ्यासमोर बसून त्यांनी तो चार-पाच वेळा म्हणून बघितला, कारण प्रत्येक वेळी शेवटच्या शब्दाला रडू यायचं. तुरुंगातल्या मुलाखतीला काचेपलीकडे भाऊ, मध्ये रिसीव्हर. घरची विचारपूस झाली, आणि वेळ संपत आल्यावर ताईंनी विचारलं, “तुला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते रे?”

तो म्हणाला, “नळ्या लावा, नका लावू, डॉक्टर बघतील. मला पलंगाला बेडी ठोकलेल्या अवस्थेत मरायचं नाही, ताई. आणि तू जवळ अस.”

हे सांगताना ताई फोल्डरवरून हात फिरवत होत्या. “मॅडम, माझ्या तीन पानांत बेडी कुठेच नव्हती.”

माझ्या कामात असे क्षण मोजके येतात, आणि त्यांच्यासाठी मी थांबू शकले याचं समाधान मला आजही आहे. आपण यंत्रांची यादी करत बसतो. आतला माणूस मात्र अनेकदा दुसऱ्याच गोष्टीला घाबरलेला असतो. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक घराला मी आता आधी विचारायला पाठवते, लिहिण्याचं नंतर बघू.

बेडीचं म्हणाल, तर रुग्णालयातल्या कैद्यांना खाटांना जखडल्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं, आणि 1995 मध्ये न्यायालयाने दंडाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय अशी बेडी घालू नये असं बजावलं. इच्छापत्राने पोलीस बांधले जात नाहीत, त्यामुळे हा मुद्दा वकिलामार्फत न्यायालयापुढे वेगळा मांडावा लागतो. कोठडीतल्या प्रत्येकाला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा, पैशाअभावी थांबू नका.

आता ती दबक्या आवाजातली भीती. इच्छापत्र लागू होतं ते माणूस स्वतः निर्णय देऊ शकत नसेल आणि बरं होण्याची आशा उरली नसेल तेव्हाच. तेही आधी रुग्णालयाचं वैद्यकीय मंडळ आणि मग दुसरं मंडळ, दोन्ही सहमत झाल्यावर, आणि दंडाधिकाऱ्यांना कळवून. तोवर औषध, तपासण्या, रुग्णालयात हलवणं ही सगळी शासनाची जबाबदारी राहते. तो कागद दाखवून कुणी साधा ताप अंगावर काढायला सांगत असेल, तर ते चूक आहे आणि तक्रार करण्याजोगं आहे. शिवाय इच्छापत्र करणाऱ्याचं मन बदललं, तर तो ते केव्हाही लेखी रद्द करू शकतो.

सही दोन साक्षीदारांसमोर होते, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी ती साक्षांकित करतात. माझा आग्रह असा, की साक्षीदार कारागृहाचे कर्मचारी नसावेत. जिथे दार उघडण्याचा हक्कही दुसऱ्याकडे आहे, तिथे ‘मर्जीने’ हा शब्द जपावा लागतो. त्याच्या वतीने बोलणाऱ्या नातेवाइकांची एकाहून अधिक नावं लिहा. मुलाखत हुकली, गाव लांब पडलं, तर एकाच नावावर सगळं अडायला नको. मानसिक आजारासाठी 2017 च्या कायद्याखालचं निर्देशपत्र वेगळं असतं, दोन्ही कागद एकच समजू नका.

भावाचं इच्छापत्र शेवटी एका पानाचं झालं. त्यात ताईंचं आणि भाच्याचं नाव होतं. एक प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे गेली, एक कारागृहाच्या वैद्यकीय फाइलला लागली. ताईंनी दोन्हीकडून शिक्क्यानिशी पोच घेतली आणि ती त्याच प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवली. जुनी तीन पानं त्यांनी माझ्याकडेच सोडली.