पहिलंच प्रास्ताविक आणि वक्तृत्वातले चार-पाच शब्द

वाचनालयाच्या वर्धापनदिनाला पहिल्यांदाच प्रास्ताविक करायचंय, तर वक्तृत्वातल्या संज्ञा सोप्या करून सांगा, असं तुम्ही विचारलंय.

आधी तुमच्याच कामाचा शब्द घेऊ. कार्यक्रम कशासाठी, हे सांगणं म्हणजे प्रास्ताविक. पाहुणे कोण, हे सांगणं म्हणजे परिचय. सूत्रसंचालन करणाऱ्यानं या सगळ्यातला धागा सांभाळायचा. हा फरक मी भर सभेत शिकलो. पहिल्याच खेपेला उत्साहाच्या भरात पाहुण्यांची पुस्तकं, पुरस्कार, मूळ गाव सगळं प्रास्ताविकातच सांगून टाकलं. परिचय करून देणाऱ्या बाई हातातला कागद उलटसुलट करत राहिल्या, 'आत्ताच सांगितल्याप्रमाणे' म्हणून दोन वाक्यांत बसल्या आणि नंतर महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

मांडणीसाठी कीर्तनाकडे बघा. नारदीय कीर्तनात बुवा पूर्वरंगात एखादा अभंग घेऊन निरूपण करतात. मग नामाचा गजर, बुवांना हार-बुक्का. त्यानंतर उत्तररंगात तोच विचार आख्यान लावून पटवतात. मुद्दा आधी, गोष्ट नंतर, आणि मध्ये श्रोत्यांना जरा उसंत. तुमच्या पाच मिनिटांतही हे बसतं: वाचनालय का हवं ते दोन वाक्यांत, मग रोज सकाळी दार उघडायच्या आधी पायरीवर येऊन बसणाऱ्या एखाद्या आजोबांची हकिगत.

'आवाजातले चढउतार' म्हणजे मधूनच ओरडणं, असा शाळेपासूनचा गैरसमज आहे. 'हे वाचनालय गावानं उभं केलं' हे वाक्य मोठ्यानं म्हणून बघा. एकदा 'वाचनालय'वर जोर द्या, एकदा 'गावानं'वर. दुसऱ्या वेळी सरकारी अनुदानाची वाट न बघितल्याचा अभिमान आपोआप येतो. याला आघात म्हणतात.

सगळ्यात अवघड विराम. प्रश्न टाकलात की मनात तीन आकडे मोजा. बोलणाऱ्याला ते युगासारखे वाटतात, ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नाही. आपण मात्र घाबरून ती जागा 'तर', 'म्हणजे', 'ॲक्च्युअली'नं भरून टाकतो.

देहबोलीचं फार मनावर घेऊ नका. मोठा कागद हातात थरथरतो आणि ते शेवटच्या रांगेपर्यंत दिसतं, म्हणून पोस्टकार्डाएवढं जाड कार्ड घ्या. (आणि कृपा करून 'सन्माननीय व्यासपीठ' म्हणू नका. त्या बिचाऱ्या लाकडाला कसला मान?)

पुण्याच्या आसपास असाल तर उन्हाळ्यात वसंत व्याख्यानमालेला जाऊन बसा. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केलेली ही माला आजही चालू आहे. पहिल्या रांगेत मात्र बसू नका. मागे बसलात तर लोक कधी चुळबुळ करतात आणि कधी एकदम गप्प होतात, ते दिसेल.