मजुरांचे मत हुजूर पक्षाला का?

प्रश्न : माझा भाचा नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये असतो. २०१९च्या निवडणुकीत तिथल्या जुन्या खाणकामगारांच्या गावांनी हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षाला निवडून दिले, असे त्याने सांगितले. स्वतःच्या हिताविरुद्ध असे मत देणारी माणसे मुळातच भित्री असतात, असेही तो म्हणतो. मानसशास्त्राला हे मान्य आहे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आपल्या भाच्याचे म्हणणे बहुधा एका गाजलेल्या प्रयोगावरून आलेले असावे. २००८ साली अमेरिकेतील नेब्रास्कामध्ये ४६ जणांना भेदरलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर बसलेला भलामोठा कोळी, अळ्या पडलेली जखम अशी चित्रे दाखवून त्यांच्या त्वचेवरील घामाचे प्रमाण मोजण्यात आले. फाशीची शिक्षा, संरक्षणखर्च यांचा आग्रह धरणारे अधिक दचकतात, असा निष्कर्ष त्यातून निघाला. पुढे २०२० मध्ये इतर संशोधकांनी अधिक लोकांवर तोच प्रयोग करून पाहिला, तेव्हा हा संबंध आढळला नाही. अर्थात, ही दुसरी बातमी फारशी कोणी छापली नाही.

स्वभावाचा काहीच संबंध नाही, असे मात्र नव्हे. मानसशास्त्रज्ञ जॉन जोस्ट आणि सहकाऱ्यांनी २००३ साली १२ देशांतील अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा ज्यांना अनिश्चितता सहन होत नाही आणि सुव्यवस्थेची ओढ असते, त्यांचा कल परंपरावादी विचारांकडे अधिक दिसला. तथापि, सुरक्षिततेची हीच गरज आर्थिक बाबतीत अनेकदा उलट दिशेने नेते, असे नंतरच्या अभ्यासांत आढळले. स्थलांतरितांच्या प्रश्नावर कडक भूमिका घेणारा माणूस निवृत्तिवेतन आणि सरकारी दवाखाना यांना कोणी हात लावू नये, असेही तितक्याच ठामपणे म्हणतो. ‘हुजूर’ आणि ‘मजूर’ या आपल्या वृत्तपत्रांनी रूढ केलेल्या यमकात असा मतदार बसत नाही.

डर्बीशायरमधील बोल्सओव्हर या जुन्या खाणपट्ट्यातल्या मतदारसंघाचेच उदाहरण घ्या. स्वतः खाणीत काम केलेले मजूर (लेबर) पक्षाचे डेनिस स्किनर १९७० पासून तिथून सलग निवडून येत होते, आणि १९८४-८५च्या संपात थॅचर यांच्या हुजूर सरकारने खाणकामगारांना नमवले, हे तिथे कोणाला सांगावे लागत नाही. तरीही २०१९ मध्ये स्किनर पडले. २०१६च्या सार्वमतात या भागातील सुमारे ७० टक्के मतदारांनी युरोपीय संघ सोडण्याचा कौल दिला होता, आणि आता मजूर पक्ष पुन्हा सार्वमत घेऊ म्हणत होता.

मिळणाऱ्या लाभापेक्षा तेवढाच तोटा माणसाला अधिक बोचतो, हे मानसशास्त्रज्ञ कॅनमन आणि टव्हर्स्की यांनी १९७९ साली मांडले. पुढे एका प्रयोगात विद्यार्थ्यांना साधे कॉफीचे मग फुकट वाटले, तर ते विकायला मगवाले जी किंमत मागू लागले, तिच्या निम्मीच किंमत इतर विद्यार्थी द्यायला तयार होते. तो मग हातात येऊन काही मिनिटेच झाली होती! बोल्सओव्हरच्या हाती तर कित्येक वर्षांनी सार्वमतातल्या या विजयाच्या रूपाने पहिल्यांदाच काही लागले होते आणि तेही काढून घेतले जाणार, अशी त्यांची समजूत झाली. याला भित्रेपणा म्हणणे मला अन्यायाचे वाटते. हिताचा हिशेब त्यांनीही केलाच होता, फक्त तो पैशांत नव्हता.

शिवाय माणसाचा स्वभाव पाच वर्षांत पालटत नाही. २०२४ मध्ये याच बोल्सओव्हरने पुन्हा मजूर पक्षाचा उमेदवार निवडून दिला.