तुंगचा रात्रीचा फोटो: कॅमेरा तोच ठेवा, तिथी बदला

तुम्ही लिहिलंय की अमावास्येच्या शनिवारी मावळातल्या पवना धरणाच्या पूर्वेकडच्या काठावरून तुंग किल्ला टिपला. तारे छान आले, पण गड नुसता काळा ठोकळा दिसतोय. म्हणून आता जास्त आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) झेपणारी नवी कॅमेरा बॉडी घ्यावी का, असा तुमचा प्रश्न आहे.

घेऊ नका. तुंगवर रोषणाई नसते. अमावास्येला त्याच्या कड्यांवर पडायला उजेडच नव्हता, आणि नसलेला उजेड कुठलाच सेन्सर आणू शकत नाही. गडाला चंद्र लागतो, तोही योग्य बाजूने.

त्या काठावर उभं राहिलं की तुंग पश्चिमेला येतो. शुक्ल पक्षातल्या चतुर्थी-पंचमीचा चंद्र संध्याकाळी पश्चिमेलाच, म्हणजे गडाच्या मागे असतो. सुळक्याची बाह्यरेषा मिळते, कडा काळाच राहतो. अष्टमीचा चंद्र सूर्यास्ताला डोक्यावर असतो आणि तिथून पश्चिमेलाच कलतो. पौर्णिमेचा चंद्र सूर्य मावळताना तुमच्या पाठीमागून उगवतो. गड सुरेख उजळतो, पण आकाश इतकं धुऊन निघतं की तारे जेमतेम उरतात. शिवाय कोजागिरीच्या मध्यरात्री चंद्र जवळजवळ डोक्यावर असतो आणि भर दुपारच्या उन्हासारखा सगळे उतार सपाट करतो. कड्याच्या घळी दिसायला तिरपा उजेडच हवा.

म्हणून माझी निवड वद्य चतुर्थी. संकष्टीला चंद्रोदयाची वेळ घरच्या दिनदर्शिकेत छापलेलीच असते. नोव्हेंबरात सूर्यास्तानंतर साधारण सव्वा तासाने पूर्ण अंधार होतो, आणि चंद्र उगवेपर्यंत तासभर तरी तो टिकतो. त्या तासात आकाश टिपायचं. मग चंद्र पाठीमागून वर आला की त्याच जागेवरून, ट्रायपॉड तसूभरही न हलवता, गड टिपायचा. एका रात्रीत दोन्ही हाती येतं.

हे दोन फोटो वेगळे का काढायचे, ते नीट समजून घ्या. तुमचा फोटो चोवीस मिलीमीटरच्या रुंद लेन्सचा आहे, त्यात गड सुपारीएवढा दिसतो. तिथून पन्नास ते सत्तर मिलीमीटरची लेन्स हवी, म्हणजे गड आणि पाण्यातलं प्रतिबिंब मिळून चौकट भरते. पण लेन्स जितकी लांब, तितक्या लवकर ताऱ्यांच्या रेघा होतात. पाचशेला फोकल लेंग्थने, म्हणजे लेन्सच्या मिलीमीटरने, भागून सेकंद काढायचा जुना हिशेब धरला, तर चोवीसला वीस सेकंद मिळतात आणि सत्तरला जेमतेम सात. क्रॉप, म्हणजे लहान आकाराचा, सेन्सर असेल तर आणखी कमी. सात सेकंदांत चांदण्यातला कडा उमटत नाही. तेव्हा ताऱ्यांसाठी एफ २.८ (आकडा लहान, तितकं लेन्सचं छिद्र मोठं), आयएसओ ६४००, सहा सेकंद. असे दहा-बारा फोटो घ्या, नंतर एकत्र केले की नॉइज, म्हणजे फोटोतले रवाळ ठिपके, बराच कमी होतो. गडासाठी एफ ४, आयएसओ ८००, साधारण साठ सेकंद, रिमोट लावून बल्ब मोडवर, म्हणजे हवा तितका वेळ शटर उघडं ठेवून. एवढ्या वेळात पाण्यावरच्या बारीक लाटाही पुसल्या जातात आणि प्रतिबिंब सलग दिसतं. चंद्र उगवल्या उगवल्या घाई करू नका. कासराभर वर येऊ द्या, तोवर उजेड फार क्षीण असतो.

फोकस मॅन्युअल ठेवा. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विसंबू नका. एखादा ठळक तारा स्क्रीनवर मोठा करून तो टाचणीच्या टोकाएवढा होईपर्यंत रिंग फिरवा आणि चिकटपट्टी लावून टाका. नोव्हेंबरात श्रवण तारा पश्चिमेलाच उतरत असतो, तो कामाला येतो. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगछटेचं सेटिंग, ४००० केल्विनच्या आसपास. चांदणं म्हणजे परावर्तित ऊनच, डेलाइटवर ठेवलंत तर फोटो दिवसाचा वाटतो. आणि हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख, बघा. काळोखात स्क्रीन फार उजळ भासते, घरी आल्यावर कळतं की सगळंच अंधारलेलं आहे.

थंडीत धरणाकाठी दव पडतं. एकदा चंद्र अगदी हवा तिथे आला होता आणि माझ्या चाळीस मिनिटांच्या सगळ्या फाइल्स धुरकट निघाल्या. समोरच्या काचेवर दव साचलं होतं आणि मी मध्ये एकदाही टॉर्च मारून बघितलं नव्हतं. तेव्हापासून लेन्सभोवती लोकरी मोजा आणि त्यात हात शेकायची गरम पुडी ठेवतो, दर दहा मिनिटांनी काच तपासतो. ट्रायपॉडचे पाय काठच्या चिखलात हळूहळू रुततात. खाली चपटे दगड ठेवा, नाहीतर दोन फोटो एकमेकांवर बसणार नाहीत.

तुमच्या फोटोत डावीकडे पांढरे फटक डाग आहेत ते कॅम्पिंगच्या तंबूंचे दिवे. शनिवार-रविवार हे असणारच, मधल्या वारी जा. कोणाच्या शेतात उभे राहणार असाल तर उजेड असतानाच विचारून ठेवा. जागा दिवसाच ठरवा, आणि अंधारात चांगल्या कोनासाठी पाण्यात एक पाऊलही टाकू नका. काठ कुठे एकदम खोल होतो ते वरून कळत नाही.

कोणीतरी तुम्हाला मोठ्या टॉर्चने गड रंगवायचा सल्ला दिलाय. काही किलोमीटरवरून तो उजेड कड्यापर्यंत पोहोचत नाही. आणि जवळ जाऊन मारण्यासाठी रात्री तुंग चढणं मला अजिबात मान्य नाही. वाट अरुंद आणि उभी आहे, कपारींत पक्षी निजलेले असतात.

तुमचं अमावास्येचं आकाश दुसऱ्या रात्रीच्या गडावर चिकटवायचा मोहही टाळा. पुरंदरच्या तहात, १६६५ साली, मुघलांना दिलेल्या तेवीस किल्ल्यांत हा गड होता. त्याचा फोटो खऱ्या एका रात्रीचा असावा असं मला मनापासून वाटतं. संकष्टीला जाऊन आलात की दोन्ही मूळ रॉ फाइल्स (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) इथे टाका, त्या एकमेकांवर कशा बसवायच्या ते त्याच फाइल्सवर दाखवतो.