भावाला विल्सन आजार निघालाय, मला काहीच त्रास नाही. तरी मी तपासणी करावी का? आणि त्याच्या खाण्यातून काय काय बंद करायचं?

करा. याच आठवड्यात करा. तुम्ही लिहिलंय की घरचे म्हणतात, 'एकाचं निस्तरतोय तेवढं पुरे, धडधाकट माणसाने कशाला सुया टोचून घ्यायच्या?' जवळपास याच शब्दांत हे मी आमच्या घरात ऐकलंय, म्हणून लिहायला बसले.

विल्सन म्हणजे शरीराला जास्तीचं तांबं बाहेर टाकता येत नाही असा जनुकातला, जन्मापासूनचा आजार. आई-वडील दोघेही वाहक असल्याशिवाय, म्हणजे स्वतः आजारी नसले तरी दोघांतही तो सदोष जनुक असल्याशिवाय, हा आजार होत नाही. तुमच्या भावाला झाला म्हणजे तुमचे दोघेही वाहक आहेत, आणि सख्ख्या भावंडाला तो असण्याची शक्यता चारात एक. एरवी साधारण तीस हजारांत एकाला होणारा आजार तुमच्या घरात चारात एकावर आलाय. 'त्रास नाही' हे कारण होऊच शकत नाही. तांबं यकृतात लहानपणापासून साचत असतं. त्रास दिसतो तो शाळा-कॉलेजच्या वयात, कधी तिशी उलटल्यावरसुद्धा.

आमचं गाव कराडजवळ. माझा भाऊ आठवीत असताना त्याला कावीळ झाली, उतरली, काही महिन्यांनी पुन्हा झाली. काविळीचं औषध देणारा माणूस पंचक्रोशीत ठरलेला. मुळी, उसाचा रस, बिनतेलाचं जेवण, आणि पोरगा बरा झाला म्हणून सगळे कामाला लागले. दहावीच्या वर्षी त्याचं अक्षर गेलं. शाळेच्या फळ्यावरचा सुविचार त्याच्याकडे असायचा, इतकं वळणदार अक्षर. आता ओळ सुरू व्हायची ठीक, पुढे अक्षरं बारीक होत जायची, शिरोरेघ खाली घसरायची आणि काना ओढताना पेनने कागद फाटायचा. सरांनी आळशीपणाचा शेरा मारून वह्या परत दिल्या. मग बोलणं जड झालं, लाळ गळायला लागली, चहा हातात दिला की कपबशी वाजायची. जेवताना चिडला तर ताट भिरकावून द्यायचा. आधी देवऋषी झाला, मग मानसोपचार. तिथल्या गोळ्यांनी तो आणखी आखडला.

शेवटी एका न्यूरॉलॉजिस्टने, म्हणजे मेंदू-मज्जातंतूंच्या डॉक्टरने, त्याला दोन ओळी लिहायला लावल्या, जुन्या काविळीचं विचारलं आणि तडक डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. स्लिट लॅम्प या डोळे तपासायच्या यंत्राखाली बुबुळाच्या कडेने साचलेल्या तांब्याचं हिरवट-तपकिरी कडं होतं. मलाही त्या यंत्रातून दाखवलं. आपल्या काळ्या डोळ्यांत ते नुसत्या नजरेला दिसत नाही, पण यंत्राखाली लपत नाही. कायसर आणि फ्लायशर यांनी हे कडं १९०२-०३ मध्ये नोंदवलं, लंडनच्या किनियर विल्सन यांनी १९१२ मध्ये आजाराचं वर्णन केलं, १९५६ पासून पेनिसिलामाइन हे तांबं लघवीवाटे बाहेर काढणारं औषध आहे, आणि १९६८ मध्ये डॉ. दस्तूर, डॉ. वाडिया या मुंबईच्या डॉक्टरांनी भारतातल्या १६ कुटुंबांचा अभ्यास छापलाय. म्हणजे 'आपल्याकडे हा आजार नसतो' म्हणायला कुणाला जागा नाही. मुलाला दोनदा कावीळ झाली आणि पुढे हात थरथरायला लागला, तर ही दोन दुखणी एकत्र धरून बघायला महागडं यंत्र लागत नाही. याचा मला आजही संताप येतो.

त्याच दिवशी डॉक्टर म्हणाले, "भावंडं किती? सगळ्यांना घेऊन या."

मोठे काका घरातले कर्ते. ते म्हणाले, दुखतंय त्याला औषध द्या, पोरींच्या तपासण्या काढाल तर उद्या दारात स्थळ येणार नाही. आईला पटायला लागलं होतं. माझी धाकटी बहीण तेव्हा अकरावीत, कबड्डी खेळणारी, कधी साधं डोकंही न दुखलेली. मी तिला घेऊन गेले आणि घरी परत आल्यावरच सांगितलं. दोघींच्या रक्तात सेरुलोप्लाझ्मिन, म्हणजे तांबं वाहून नेणारं प्रथिन, आणि यकृताच्या तपासण्या झाल्या. मग चोवीस तासांची लघवी. लॅबने प्लास्टिकचा स्वच्छ कॅन दिला आणि बजावलं, धातूचं भांडं मध्ये येता कामा नये. सकाळची पहिली लघवी सोडून द्यायची, तिथून दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली धरून एकूण एक थेंब कॅनमध्ये. एकदा जरी सुटली तरी हिशोब चुकतो. तो कॅन आम्ही न्हाणीघरात बादलीमागे ठेवला होता. काका हातपाय धुवायला गेले, त्यांनी विचारलं हे काय, आणि बहिणीनेच सांगितलं, "माझी लघवी आहे, उद्या तपासायला जाणार आहे." त्यावर ते काही बोलले नाहीत, पण पुढे बरेच दिवस माझ्याशीही बोलले नाहीत.

मला आजार नव्हता. तिला होता. डोळ्यात कडं नाही, हात स्थिर, फक्त सेरुलोप्लाझ्मिन कमी, लघवीत तांबं जास्त आणि यकृताची एन्झाइम्स थोडी वाढलेली. तिला लगेच झिंक सुरू केलं, ते खाण्यातलं तांबं अंगात शोषू देत नाही. आज ती नोकरी करते, तिला एक मुलगी आहे, तिचं अक्षर जसं होतं तसं आहे. भाऊ औषधाने पुष्कळ सुधारला, स्वतःचं स्वतः करतो, पण बोलणं पूर्ण सुटलं नाही. एकाच घरातली दोघं, एकच आजार. फरक पडला तो औषध कधी सुरू झालं यामुळे. काकांना मी हेच सांगत होते.

स्थळाचं म्हणाल तर कांदेपोह्यांच्या वेळीच सगळं सांगितलं. एका घराने नकार दिला. त्या घरात ती गेली नाही हे बरंच झालं, गोळ्या लपवून घ्याव्या लागल्या असत्या. दुसऱ्या घरच्या मुलाने डॉक्टरांना स्वतः भेटून विचारलं. आई किंवा वडील रुग्ण असतील तर मूल वाहक होणारच, आजार होतो तो जोडीदारही वाहक निघाला तरच. नात्याबाहेर लग्न केलं तर शक्यता फार थोडी. आमच्याकडे मात्र वडिलांनी मामाची मुलगी केलेली, आणि काकांनी आपली मुलगी आत्याच्या घरात दिलेली. म्हणून त्या चुलत बहिणीच्या मुलाला गेल्या पावसाळ्यात कावीळ झाली तेव्हा मी काकांना न विचारता थेट तिला फोन केला. तिने तपासण्या केल्या, सगळं नॉर्मल आलं. काकांनी मला ऐकवलं, "बघ, उगाच घाबरवलंस." नॉर्मल आलं म्हणून तपासणी उगाच होत नाही. ते पोर आता निर्धास्त आहे ते तपासणीमुळेच. तुमच्याकडे नात्यात लग्नं झाली असतील तर चुलत-मामे भावंडांनाही कळवा.

खाण्याचं थोडक्यात. कलेजी, खेकडे-शिंपल्या, मशरूम, चॉकलेट, काजू-अक्रोड पहिलं वर्षभर तरी बंद, पुढचं डॉक्टर सांगतील. तांब्या-पितळेच्या भांड्यातलं पाणी कायमचं बंद. पण नुसत्या पथ्याने हा आजार आटोक्यात येत नाही, गोळी आयुष्यभर लागते. पितळी भांड्यात उकळलेल्या दुधाने आजार झाला असं कुणी म्हणालं तर तो वेगळा विकार, तान्ह्या मुलांच्या यकृताचा. त्यावर १९८०च्या दशकात पुण्याच्या केईएम रुग्णालयात मोठं काम झालं आणि घरोघरी स्टील आल्यावर तो जवळपास संपला. तुमच्या आईने कुठलं भांडं वापरलं याचा भावाच्या आजाराशी संबंध नाही, तिला तसं सांगा.

मी डॉक्टर नाही, तेव्हा काही गोष्टी डॉक्टरांना विचारूनच. एकट्या सेरुलोप्लाझ्मिनवर थांबू नका, गरोदरपणात, गर्भनिरोधक गोळ्यांनी किंवा अंगात दाह असताना ते खोटं नॉर्मल येतं. डोळ्यात कडं नाही म्हणून सुटलो असंही नाही. भावाच्या जनुकातला दोष सापडला असेल तर तुमची तेवढीच तपासणी करून घ्या, शंका उरत नाही. पेनिसिलामाइन सुरू केल्यावर काहींचा थरथराट आधी वाढतो. तसं झालं तर त्याच दिवशी कळवा, मनाने बंद करू नका. आणि घरचे तरीही आडवे आले तर भावाच्या पुढच्या तारखेला सोबत जा आणि 'सर्व भावंडांची तपासणी' हे डॉक्टरांकडून त्याच्याच कागदावर लिहून घ्या.