कपाटातली १२ वर्षांची बाटली

प्रश्न: १७ वर्षांपूर्वी काकांनी दुबईहून १२ वर्षांची स्कॉच आणलेली, पप्पांनी ती अजून उघडलेली नाही. मित्र म्हणतोय आता ती २९ वर्षांची झाली, लाखभर कुठं गेले नाहीत. खरं काय? आणि लेबलवर ब्लेंडेड लिहिलंय, म्हणजे मिक्स केलेला हलका माल का?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर: मित्राचं गणित गंडलंय भावा. व्हिस्की मुरते ओकच्या पिंपात, काचेत नाही, बाटली भरली त्या दिवशी वय थांबलं, तुमची आजही १२ चीच. आणि तो १२ पण आतल्या सगळ्यात कोवळ्या व्हिस्कीचा आकडा, सोबत १५-२० वर्षांची थोडी असली तरी स्कॉचच्या नियमानं लहान आकडाच छापावा लागतो.

ब्लेंडेडला हलका माल म्हणणाऱ्यानं घरची चटणी आठवावी. रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी, मग खोबरं, कांदा, लसूण, आणि मिरची दरसाल वेगळी आली तरी आईच्या हातची चव तीच लागते की नाही? ब्लेंडर म्हणजे व्हिस्की मिसळणारा माणूस, त्याचं काम तेच, बार्लीची माल्ट आणि गव्हा-मक्याची ग्रेन व्हिस्की, कितीतरी पिंपांतली घेऊन चव मात्र तीच आणायची, मला तर हे सिंगल माल्टपेक्षा (एकाच कारखान्यातली नुसती माल्ट) अवघड वाटतं. (आपल्याकडच्या स्वस्त व्हिस्कीत बऱ्याचदा मळीचं स्पिरिट असतं, म्हणजे शेवटी ऊसच, युरोपात ती व्हिस्की म्हणून विकता येत नाही.)

वय जास्त म्हणजे भारी, हेही सरसकट नाही. स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला साधारण २ टक्के उडून जातं, बेंगळुरूच्या हवेत १० टक्क्यांच्या आसपास, तिथं २० वर्षं ठेवली तर पिंपात उरणार काय? तरी तिथल्याच अमृत कंपनीनं २००४ मध्ये आपली सिंगल माल्ट थेट ग्लासगोत नेऊन विकायला काढली, नाव तिथूनच झालं.

आणि भाव मिळतो तो नावाला आणि दुर्मिळपणाला. मॅकॅलन १९२६ ही स्कॉच घ्या, ६० वर्षं पिंपात, बाटल्या फक्त ४०, त्यातली एक २०२३ मध्ये लंडनच्या लिलावात जवळपास २२ लाख पौंडांना गेली. तुमच्यासारखी १२ वर्षांची ब्लेंडेड आजही दुकानात मिळते, मग जुनीला लाख कोण देणार? शिवाय लायसन्सशिवाय दारू विकणं महाराष्ट्रात गुन्हा आहे, त्यामुळं तो नाद सोडाच.

बाटली आडवी असेल तर उभी करा, दारू लागून बूच खराब होतं. उघडताना तुटलंच तर चहाच्या गाळणीतनं गाळून घ्या, पण गाळणी आधी धुवा.