‘पाच वर्षांत परत येतो’ म्हणतोस, म्हणून

तुझा मेसेज दोनदा वाचला. इंदूरजवळच्या पीथमपूरची सात वर्षांची नोकरी, जर्मनीत श्टुटगार्टजवळच्या कंपनीचं ऑफर लेटर हातात, बायको शाळेत शिकवते, मुलगी तीन वर्षांची, आई-बाबा इंदूरला सुदामा नगरात. आणि प्रश्न असा की, ‘ताई, पाच वर्षं कमवून परत यायचंय. मनाची तयारी कशी करू? काम कसं असतं, रोजचं कसं असतं, गोडगोड नको, खरं सांग.’

मग त्या पाच वर्षांपासूनच सुरुवात करते. मीसुद्धा हेच म्हणून निघाले होते. नोव्हेंबर २०१७ मध्ये आले, आधी एकटी, सात महिन्यांनी नवरा. आता आठ वर्षं उलटून गेली. तू पाचात परत जाशीलही, जाणारे जातात. माझं भांडण आकड्याशी नाही, त्या आकड्यापायी आम्ही घरात काय काय केलं त्याच्याशी आहे.

आमच्याकडे पहिली अडीच वर्षं पडदे नव्हते. गादी जमिनीवर, कपडे बॅगांत, दोन घडीच्या खुर्च्या. ‘परत जायचंच आहे, सामान कशाला वाढवायचं?’ इथे भाड्याच्या घरात पुष्कळदा स्वयंपाकघर म्हणजे नुसती रिकामी खोली असते. ओटा, शेगडी, सिंक, कपाटं आधीचा भाडेकरू घेऊन जातो नाहीतर तुला विकतो. आम्हाला तो विकायला तयार होता, आम्हीच घेतलं नाही. टेबलावर विजेची सुटी शेगडी ठेवली आणि आठ महिने कुकर बाथरूमच्या बेसिनमध्ये घासला. इंदूरला कुणाला सांगितलं नाही, लाज वाटायची. कुणाला घरी बोलावलं नाही, बसवणार कुठे? आणि आपण बोलावत नाही म्हटल्यावर आपल्याला कोण बोलावणार? मग संध्याकाळी दोघं बसून म्हणायचो, इथले लोक फार थंड आहेत हो.

मार्च २०२० मध्ये भारताने आंतरराष्ट्रीय विमानं बंद केली. तोपर्यंत ‘परत’ हे दार कायम उघडं आहे असं धरून चाललो होतो. त्याच एप्रिलमध्ये समोरच्या गॅलरीतल्या आजींनी, सत्तरीच्या असतील, मला विचारलं, तुम्ही नवीनच आलात का? मी म्हटलं, अडीच वर्षं झाली. त्यांनी आमच्या बिनपडद्याच्या खिडक्यांकडे बघितलं आणि फक्त ‘अच्छा’ म्हणाल्या. त्या ‘अच्छा’ने मला रात्रभर झोप आली नाही. दुकानं उघडल्यावर पहिल्याच शनिवारी जाऊन पडदे आणले.

आपल्या इंदूरच्या मराठी घरांत हे ‘परत जाऊ’ जुनंच आहे, बघ. इंग्रज आणि होळकरांचा मंदसौरचा तह १८१८ चा, त्यानंतर होळकरांची राजधानी इंदूरला आली, आणि आमचे कोण ते खापरपणजोबा दरबारच्या नोकरीसाठी दख्खनेतून इकडे आले. तेही ‘चार वर्षं नोकरी करून परत’ असंच म्हणून निघाले असणार. आजी मरेपर्यंत ‘आपलं गाव वाईकडचं’ म्हणायची. तिने वाई पाहिली नव्हती. तिच्या सासूनेही नव्हती. पण तिच्या चुलीवर पुरणपोळीही व्हायची आणि दाल-बाफलेही, आणि राजवाड्याच्या गणपतीला ती आपल्या घरचा गणपती म्हणायची. मूळ गाव तोंडात ठेवून ती राहत मात्र पूर्ण इंदुरात होती. आम्ही श्टुटगार्टला हे उलटं केलं होतं.

आता याच्या विरुद्ध वाटेल असं सांगते. पहिले सहा महिने मात्र खरोखरच तात्पुरते धर. इथे प्रोबेशन सहा महिन्यांपर्यंत असतं आणि त्यात दोन आठवड्यांच्या नोटिशीवर कुणीही कुणाला सोडू शकतो. गाड्यांच्या धंद्याला सध्या दिवस बरे नाहीत. २०२४ पासून या भागातल्या मोठमोठ्या कंपन्यांनी आणि त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्यांनी हजारोंनी जागा कमी करायचं जाहीर केलंय. म्हणून बायकोने शाळेची नोकरी आत्ता सोडू नये, तिथलं घर विकू नये. तू एकटा ये. प्रोबेशन संपलं की तिला आणि मुलीला आण, आणि त्या दिवसापासून पाच वर्षांचा हिशेब बोलणं बंद. पलंग घ्या, पडदे लावा, स्वयंपाकघर घ्या.

एक खाचखळगा आधीच सांगून ठेवते. पहिलं घर तात्पुरतं घेतोस तेव्हा घरमालक ‘हा इथे राहतो’ अशा कागदावर सही देणार ना, ते आधी विचार. आल्यावर दोन आठवड्यांत पत्ता नोंदवावा लागतो, त्याला आनमेल्डुंग म्हणतात. तो झाल्याशिवाय कर-क्रमांक येत नाही आणि पहिला पगार सगळ्यात जास्त कर कापून हातात पडू शकतो. तसाही पगाराचा आकडा बघून हुरळून जाऊ नकोस. कर आणि विमे जाऊन एकट्या माणसाच्या हातात साठ टक्क्यांच्या आसपास उरतं. बायको इथे आली आणि कमावत नसली तर कराचा वर्ग बदलून थोडं वाढतं, पण ती इंदूरला असेपर्यंत तू सरकारच्या लेखी एकटाच. घराचं डिपॉझिट तीन महिन्यांच्या भाड्यापर्यंत, तेही आधी बाजूला काढ.

कामाबद्दल. आपल्याकडे सगळं शहर ‘हो जाएगा भिया’वर चालतं, आणि खरं म्हणजे होतंही. रात्री अकराला फोन करून सुटा भाग धरून ठेवणारं फिक्स्चर बनवून घेतलेली मी बाई आहे. पहिल्या महिन्यात मॅनेजरने मंगळवारी विचारलं, हे शुक्रवारपर्यंत होईल का? मी म्हटलं, प्रयत्न करते. माझ्या मनात त्याचा अर्थ होता ‘नाही होणार, पण तोंडावर कसं सांगू’. त्याने ऐकलं ‘हो’. शुक्रवारी झालं नव्हतं. उशिराबद्दल तो चकार शब्द बोलला नाही. त्याने एवढंच विचारलं, हे तुला मंगळवारी माहीत होतं का? मी गप्प. तेव्हापासून मी मंगळवारीच ‘नाही’ म्हणायला शिकले. फार जड गेलं, पहिल्या दहा वेळा तर पोटात गोळा यायचा. ‘नाही’ म्हटल्यावर समोरचा रागावत नाही, वहीत काहीतरी लिहितो आणि पुढच्या मुद्द्यावर जातो. हे पटायला मला वर्ष लागलं.

कौतुकाची अपेक्षा तर ठेवूच नकोस. या श्वाबेन भागात म्हणच आहे की ओरडले नाहीत म्हणजे कौतुकच झालं. माझं डिझाइन पहिल्यांदा मंजूर झालं तेव्हा सहकारी म्हणाला, ‘यात बोलण्यासारखं काही नाही.’ मी घरी येऊन रडले. नंतर कळलं, शाबासकी होती ती.

सुट्टीबद्दल मात्र जे ऐकलंस ते खरं आहे. वर्षाला तीसच्या आसपास, आणि ती घेतली नाही तर मॅनेजर मागे लागतो. आजारी पडलास तर सहा आठवड्यांपर्यंत कंपनी पूर्ण पगार देते आणि तापात लॅपटॉप उघडलास तर लोक विचित्र नजरेने बघतात. डॉक्टर मात्र चहा पी, आराम कर म्हणून परत पाठवतो, आणि विशेषज्ञाची तारीख दोन-तीन महिन्यांनंतरची मिळते. आईला हे सांगू नकोस.

आता केर. इथे जिना आळीपाळीने भाडेकरूंनी झाडायचा-पुसायचा, आणि तुझा आठवडा आला की शेजारी तुझ्या दाराला पाटी अडकवून जातो. त्या प्रथेचं नाव केरवोखे. वोखे म्हणजे आठवडा आणि केर म्हणजे, ऐक, झाडणं. आपल्याच केराचा सख्खा भाऊ वाटावा असा शब्द. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा एकटीच हसत सुटले. आई व्हिडिओ कॉलवर म्हणाली, ‘एवढं इंजिनीअर होऊन तू लोकांचे जिने पुसून राहिली आहेस?’ इंदूरला आमच्याकडे भांड्यांना एक आणि केर-फरशीला एक अशा दोन बायका येतात, आणि त्याबद्दल मी कधी क्षणभरही विचार केला नव्हता. बर्फ पडला की फुटपाथही आपणच साफ करायचा, सकाळी सात वाजायच्या आत. माझ्या खालच्या मजल्यावर एका मोठ्या कंपनीत खूप वरच्या पदावर असलेले गृहस्थ राहतात, त्यांच्या आठवड्याला ते गुडघ्यावर बसून पायऱ्यांचे कोपरे पुसतात. हे बघून माझ्या डोक्यातलं काहीतरी जागचं हललं, आणि सुट्टीत इंदूरला गेले की आता त्या बायकांशी बोलताना माझा आवाज वेगळा असतो. आई म्हणते, शिष्टपणा आला.

कचऱ्याचं तुला सोपं जाईल. २०१७ पासून वर्षानुवर्षं देशात सगळ्यात स्वच्छ ठरलेल्या शहरातून येतोस. फक्त काच वेगळी, रंगानुसार वेगळी, आणि ती रविवारी टाकायची नाही, आवाज होतो म्हणून. रविवारी दुकानं बंद. पहिला नोव्हेंबर आणि पहिला रविवार एकत्र येऊ देऊ नकोस, जमलं तर मार्च-एप्रिलमध्ये ये. नोव्हेंबरात साडेचारला अंधार पडतो आणि इंदूरला सराफ्याच्या रात्रीच्या खाऊगल्लीत आत्ता गराडूचे कंद तळायला घेतले असतील, हे आठवून आठवून माणूस वेडा होतो.

सगळ्यात महत्त्वाचं आता, आणि ते तू विचारलंच नाहीस. तुझी बायको. ब्लू कार्डवाल्याच्या, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा परवाना असलेल्याच्या, जोडीदाराला इथे पहिल्या दिवसापासून नोकरी करायची परवानगी असते, येण्याआधी जर्मनची परीक्षाही लागत नाही. हे ऐकून आम्ही खूश झालो होतो. माझा नवरा बँकेत होता, चौदा वर्षं. परवानगी होती, काम नव्हतं. दीड वर्ष तो घरात. मी कामावरून यायचे तेव्हा तो दारातच उभा असायचा, दिवसभरात बोललेलं पहिलं वाक्य माझ्याशी बोलायला. इंदूरला ज्याला कॉलनीतला अर्धा भाग नावाने हाक मारायचा, तो इथे बेकरीत ब्रेड मागताना घाम पुसायचा. आमची भांडणं त्याच काळातली, आणि त्यांत दोष माझा जास्त होता. ‘तू दिवसभर घरीच तर असतोस,’ हे वाक्य मी बोलले आहे. भाषेचा क्लास त्याने दहाव्या महिन्यात लावला, तो पहिल्या महिन्यात लावायला हवा होता. आज तो एका गोदामाच्या हिशेब विभागात आहे, बरा आहे, पण बँकेची गोष्ट निघाली की उठून पाणी प्यायला जातो.

तुझ्या बायकोला स्पष्ट सांग की इथल्या शाळेत शिकवायला जर्मन जवळजवळ मातृभाषेसारखं लागतं आणि बहुधा दोन विषयांची पदवी लागते. म्हणजे ती आपला पेशा सोडून येते आहे, निदान काही वर्षं. ते ती डोळे उघडे ठेवून ठरवू दे. क्लास इंदूरलाच सुरू करा, दोघांनी. मुलीचं पाळणाघर, इथे किटा म्हणतात, हक्काचं असलं तरी जागा लवकर मिळत नाही, पत्ता हातात आला की त्याच दिवशी अर्ज टाक.

भाषेत आपण मराठी माणसं जरा नशीबवान आहोत. हिंदीवाल्यांना दोन लिंगं, आपल्याला तीन, आणि डेर, डी, डास म्हणजे तो, ती, ते. आकड्यांत ते आधी एक आणि मग वीस म्हणतात, अगदी आपल्या एकविसासारखं. तू आणि तुम्हीही आहेच. मोठ्याने ‘तू म्हण’ म्हटल्याशिवाय तुम्हीच म्हणायचं, हे तुला कुणी शिकवायला नको. पण कशाचं लिंग काय ते पाठच करावं लागतं. सूर्य ती, चंद्र तो आणि मुलगी चक्क ते.

माणसं वाईट वागतात का, असंही विचारलं होतंस. रोज नाही. घर शोधताना फोनवर आडनाव सांगितलं की ‘कालच गेलं हो’ हे ऐकायची सवय ठेव, मनाला लावून घेऊ नकोस, पुढचा नंबर लाव.

आणि आई-बाबा. २०२२ मध्ये बाबांना स्टेंट घातला, मला चौथ्या दिवशी कळलं. ‘तू तिकडे उगाच काळजी करत बसली असतीस.’ मी भावाशी कडकडून भांडले आणि तेव्हापासून नियम आहे की काहीही झालं तरी त्याच दिवशी सांगायचं. तूही निघण्याआधी घरात हे बोलून घे. एका तिकिटाचे पैसे वेगळ्या खात्यात ठेव, त्याला हात लावायचा नाही. मार्च २०२४ पासून पुढे पहिला परवाना मिळालेल्यांना आई-वडिलांना इकडे राहायला आणता येतं, म्हणजे तुला येईल, मला नाही. पण त्यांचा आरोग्यविमा काढताना तोंडाला फेस येतो. आणि ते येतील का, हा प्रश्न आहेच. बाबा एकदा तीन महिने आले होते. सहाव्या दिवशी म्हणाले, इथे सगळं छान आहे, पण पोहे खायला बाहेर जायचं तर जायचं कुठे?

सामानात स्टीलचा, इंडक्शनवर चालणारा कुकर आण, ॲल्युमिनियमचा इथे बसून राहील. रिंगा दोन जास्तीच्या. तूप आणि पेढे आणू नकोस, दुधाचं काहीही विमानतळावर काढून घेतात, तूप इथल्या लोण्याचं उत्तम कढतं. शेव आणि पोह्यांवर भुरभुरायचा आपला जीरावण मसाला चालतो. जीरावणाची दोन पाकिटं माझी धर.