मूळ कागद बघितल्याशिवाय सीटचं बोलू नकोस

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

कन्सल्टन्सीत सीटमागं कमिशन, की कॉलेजच्या अ‍ॅडमिशन विभागात कमी पण बांधलेला पगार, यात तू अडकलायस. कॉलेजात जा. सीटमागं पैसे मिळायला लागले की माणूस कागद बघायचं सोडतो आणि पालकाच्या खिशाकडं बघायला लागतो. मूळ कागद हातात घेतल्याशिवाय सीटचं बोलायचं नाही, एवढं पाळ.

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडचा मुलगा समोर बसला की लगेच मार्क विचारू नकोस. पहिली ते बारावी कुठं शिकला ते वर्षावार लिहून काढ. केईएच्या, म्हणजे कर्नाटक परीक्षा प्राधिकरणाच्या, सीटसाठी नेहमीचा नियम म्हणजे कर्नाटकात किमान ७ वर्षं शिक्षण आणि दहावी किंवा बारावी इथूनच पास. दहावीपर्यंत इथं शिकून पुढं कोल्हापूरला गेलेला मुलगा यात बसतो. सातवीपर्यंत महाराष्ट्रात चंदगडला आजोळी राहून आठवीला बेळगावात आलेल्याची मात्र ५ वर्षंच भरतात. त्याला पात्रतेचं दुसरं कलम लागू होतं का ते शोधावं लागतं. ग्रामीण कोट्याला पहिली ते दहावी, सगळी १० वर्षं खेड्यातल्या शाळेत हवीत. मधलं एक वर्ष शहरात काढलं असलं तरी कोटा गेला. शिकल्याच्या दाखल्यावर मुख्याध्यापकांबरोबर बीईओंची, म्हणजे गटशिक्षणाधिकाऱ्यांचीही सही लागते. एप्रिलमध्ये शाळांना सुट्टी लागली की सही करणारे सापडत नाहीत, म्हणून हे काम मार्चमध्येच उरकून घ्यायला सांग.

नावं अक्षर न् अक्षर जुळव. दहावीच्या मार्ककार्डावर सविथा, आधारवर सविता, आडनाव एकीकडं पुढं, दुसरीकडं मागं, हे आपल्याकडं रोजचं आहे. जातीच्या दाखल्यावरचा आरडी नंबर, म्हणजे त्या दाखल्याचा क्रमांक, अर्जात टाकल्यावर असली तफावत असेल तर पडताळणी तिथंच अडते. तो दाखला नाडकचेरीतून, म्हणजे इथल्या महसूल कार्यालयातून, येतो आणि कन्नडमध्ये असतो. म्हणून कन्नड वाचायला शीक. मराठीवरचं आपलं प्रेम कुणाला सिद्ध करून दाखवायची गरज नाही, पण समोरच्या पोराचा दाखला तुला वाचता आला नाही तर नुकसान त्या मराठी पोराचंच होतं. यावरून मला बोलणारे पुष्कळ आहेत. बोलू देत.

महाराष्ट्रात पाठवायचं असेल तर परत पहिल्यापासून कागद बघ. इथं कर्नाटकात मराठा समाज आरक्षणाच्या ३बी प्रवर्गात आहे. तो दाखला तिकडच्या आरक्षणाला चालत नाही. महाराष्ट्रानं हक्क सांगितलेल्या सीमाभागातल्या ८६५ गावांच्या यादीत गाव असेल आणि मातृभाषा मराठी असेल, तर तिकडच्या इंजिनिअरिंग प्रवेशाला सीमाभागाचा उमेदवार म्हणून अर्ज करता येतो. त्याला रहिवासाचा आणि मातृभाषेचा दाखला ठरलेल्या नमुन्यातच लागतो. साध्या कागदावर सरपंचाचा शिक्का मारून आणलेला चालत नाही.

केईएची सीट लागल्यावर ती घ्यायची की पुढं थांबायचं हे चॉइसचा नंबर दाबून सांगायचं असतं, तिथं घोळ होतो. चॉइस २ म्हणजे फी भरून सीट हातात ठेवायची आणि वरच्या पसंतीसाठी पुढच्या फेरीत थांबायचं. चॉइस ३ मध्ये हातातली सीट सुटते. पोरं ‘पुढची फेरी’ एवढंच वाचून ३ दाबतात. चॉइस २ मध्येही वरची सीट लागली की जुनी आपोआप जाते, म्हणून पसंतीक्रमात नको असलेलं कॉलेज वर ठेवू देऊ नकोस. बटण मुलालाच दाबू दे. तू शेजारी बसून वाचून दाखव.

आणि मूळ कागद बघायचे, ठेवून घ्यायचे नाहीत. पडताळणी झाली की त्याच टेबलावरून परत द्यायचे. मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवू नयेत असं विद्यापीठ अनुदान आयोगानं (यूजीसीनं) २०१८ मध्ये स्पष्ट बजावलंय. वरिष्ठ म्हणाले, ‘ठेवून घे, पोरगं दुसरीकडं जायचं नाही,’ तर तिथंच नाही म्हण. त्यानं नोकरीवर आलं तरी तुझी बाजू घेऊन बोलायला मी येईन.

पगाराचा आकडा नियुक्तिपत्रात लिहून घे, सीटच्या टार्गेटशी जोडलेला नको. मार्चच्या आत रुजू हो आणि पडताळणीचं टेबल मागून घे. जूनमध्ये गेलास तर नुसते फोन फिरवायला बसवतील.